बघून ठेवलेलं रान

“आदी बगून येती,” असं ती म्हणाली की समजायचं, आता ही पोरगी संध्याकाळपर्यंत काही सापडत नाही. कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही नाही.

मी साताऱ्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवते. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही मीच. रेक्टर झालं की राहायला क्वार्टर मिळतं आणि मला तेव्हा घराची गरज होती. सेवाभाव वगैरे त्यात काही नाही. इतक्या मुली येऊन गेल्या की आता चेहऱ्यांची सरमिसळ होते. रस्त्यात कुणी पाया पडलं तर मी आधी आशीर्वाद देते आणि मग कोण ते आठवत बसते. हिच्या बाबतीत तसं कधी होणार नाही.

ती पहिल्यांदा आली ती दहावीचा निकाल लागल्यावर, मामाबरोबर. प्रवेशाच्या चौकशीला येणाऱ्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. नोकरी लागते का, वसतिगृहाचं गेट कधी बंद होतं, जेवण कसं आहे. तुम्हीही कधी मुलाबाळांना घेऊन त्या रांगेत उभे राहिला असाल, तुम्हीही हेच विचारलं असेल. तिचा मामाही हेच विचारत होता. ती मात्र मध्येच म्हणाली, “हितनं डिप्लोमा करून पुढं सांगलीला गेलेली कोन पोरगी हाय का? मला तिला भेटायचंय.”

मी म्हटलं, आहे एक, पण ती आता इथं कशी भेटेल, ती सांगलीत असते. त्यावर तिनं पहिल्यांदा ते वाक्य मला ऐकवलं. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण दुसऱ्या दिवशी ती खरोखरच एसटीनं सांगलीला गेली, त्या मुलीला शोधून काढलं, तिच्याशी बोलली आणि परत येऊन प्रवेश घेतला. मामा बिचारा ओशाळून मला सांगत होता, “आवं, त्यांच्यात असंच असतंय. तुमी मनावर घेऊ नगा.”

त्यांच्यात म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. माण तालुक्यातलं मेंढपाळाचं घर. पावसाळाभर गावी राहायचं आणि दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं असं सगळं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखाकडे चालू लागायचं. या चालत्या संसाराला ते वाडा म्हणतात. ऊस तुटून गेलेल्या रानात रात्री मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळतं, यांना धान्य मिळतं, आणि मग पुढचं रान. पण वाडा हलायच्या आधी घरातला एक जाणता माणूस पुढे जाऊन येतो. चारा किती, पाणी कुठं, शेतकरी कसा, हे तो स्वतः बघतो. तो परत आल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. न बघितलेल्या रानात मेंढरं घालायची नाहीत, हा त्यांच्या घरचा नियम. पोरीनं तो कॉलेजला लावला, एवढंच.

तिचं सगळं ठरलेलं होतं. मार्क चांगले होते, म्हणून शाळेतले गुरुजी अकरावी सायन्स घे म्हणत होते. तिला ते पटलं नाही. बारावी करायची म्हणजे क्लास लावायचे, प्रवेश परीक्षा द्यायची, आणि शेवटी नंबर कुठं लागेल त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा इथं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आणि त्या गुणांवर सांगलीतल्या एका जुन्या, नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. आमचं पॉलिटेक्निक तिच्या लेखी वाटेवरचा मुक्काम होता. तसं ती माझ्या तोंडावर बोलली आणि मला रागही आला नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या मनात तेच असतं, फक्त ती बोलत नाहीत.

सांगलीच का, हे मी एकदा विचारलं. साताऱ्याच्या मुलांना पुण्याची ओढ असते, ही उलटीकडे निघालेली. तिनं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. त्यांचा वाडा दरवर्षी त्या कॉलेजच्या मागच्या अंगाला एका मळ्यात बसतो आणि पाडव्यापर्यंत तिथल्याच आसपासच्या रानांत फिरतो. शाळेसाठी तिला लहानपणीच दहिवडीला मामाकडे ठेवलेलं. आईबाप वर्षातले निम्म्याहून जास्त महिने वाटेवर. सुट्टी लागली की मामा तिला एसटीत बसवून द्यायचा आणि ती त्या मळ्यात जाऊन राहायची. कॉलेजच्या तारेला नाक लावून आत सायकली लावणाऱ्या पोरी बघायची.

“तितं नंबर लागला तर दिवाळीपासनं पाडव्यापतूर आय जवळ असंल,” ती म्हणाली. “कॉलेज सुटलं की चालत जायाचं. पहिलीपासनं तसं कवाच न्हाई झालं.”

एवढंच तिला हवं होतं. तिला इंजिनिअर व्हायचं होतंच, पण ते आईच्या हाकेच्या अंतरावर राहून. मला ऐकून गलबलून आलं, पण मी पुन्हा फळ्याकडे वळले, कारण आमचं ते बोलणं वर्गात चाललं होतं.

तिची ती बघून घ्यायची पद्धत अगदी बिनचूक होती असं कुणी समजू नये. प्रवेश घेतला तेव्हाच, पाऊस सुरू व्हायच्या आधी, तिनं वसतिगृहाच्या सगळ्या खोल्या फिरून बघितल्या. खिडकी कुठल्या अंगाला, नळाला धार कशी, दुपारी सावली येते का. शेवटी पाण्याच्या टाकीजवळची कोपऱ्यातली खोली मागून घेतली. थंड आणि शांत. पावसाळा सुरू झाला तेव्हा टाकीकडच्या भिंतीला ओल आली, महिन्याभरात वह्यांना बुरशी धरली. तिच्या खोलीत शबाना होती, उंब्रजच्या गादीवाल्यांची मुलगी. येताना दोन नव्याकोऱ्या गाद्या घेऊन आली होती, एक स्वतःला आणि एक जी कोण सोबत राहील तिला. दोन्ही गाद्यांना वास येऊ लागला तेव्हा शबाना माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी हिला विचारलं, काय गं, बघून घेतली होतीस ना खोली? ती शांतपणे म्हणाली की उन्हाळ्यात बघितली होती, पावसाळ्यात कशी दिसेल ते तेव्हा कसं कळणार. पण खोली बदलली नाही. दोघींनी मिळून भिंतीला डांबर लावलं आणि तीन वर्षं त्या वासात काढली.

कोयनानगरची सहल ठरली तेव्हा तर कहर झाला. मुली आठवडाभर कपडे आणि खाऊ ठरवत होत्या. ही सहलीच्या आदल्या दिवशी एकटीच एसटीनं जाऊन धरण बघून आली. सहलीच्या सकाळी सगळ्या गाडीत बसल्या, हिचा पत्ता नाही. मी खोलीत गेले तर अभ्यास करत बसलेली. म्हणाली, “म्या बगितलंय की, मॅडम.” शबाना तिच्यावर दोन दिवस रुसली होती. मग हिनं तिची सर्किटची जर्नल पुरी करून दिली तेव्हा बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी तिला एक स्थळ आलं. मुलगा मुंबईला कामाला, घर गावी, माणसं चांगली. पाहुणे तिला बघायला येणार होते. तिनं मामाला निरोप दिला, ते यायच्या आधी मीच त्यांचं घर बघून येते. आणि गेली. अशा वेळी घरात काय गोंधळ उडाला असेल, तुम्ही कल्पना करा. परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे घर? ती म्हणाली, “बरं हाय. पर हीर लांब हाय, आनि घरात कुनी कुनाशी बोलत न्हाई.” ते स्थळ तिथंच संपलं. मामा मला फोन करून म्हणाला, बाई, तुम्ही जरा समजावा. मी म्हटलं, बघते, आणि काही समजावलं नाही. मला तिचं बरोबर वाटलं होतं.

डिप्लोमाचा निकाल उत्तम लागला. आता थेट दुसऱ्या वर्षासाठी पसंतीची कॉलेजं क्रमानं भरायची होती. मुलं वीस-पंचवीस नावं भरतात. सांगली नाही तर कराड, कराड नाही तर पुणे, काहीच नाही तर जे मिळेल ते. हिनं एकच भरलं. सांगली, आणि खाली सगळं मोकळं. मी कपाळावर हात मारला. तिला समजावलं की वरचं नाही मिळालं तर खालचं तरी मिळतं, नुसती नावं तर टाकायची आहेत.

“न बगितलेलं कसं लिवू?” ती म्हणाली. “लागला तितं नंबर तर जावं लागंल न्हवं?”

मी चिडले. म्हटलं, हे मेंढरांचं रान नाही, इथं वर्ष वाया जातं. तिनं ऐकून घेतलं, पण बदललं काही नाही. पहिल्या फेरीत तिचं नाव कुठंच आलं नाही. सांगलीची शेवटची जागा तिच्या गुणांच्या थोडीच वर थांबली होती. बरोबरीच्या मुली कुठे ना कुठे लागल्या होत्या, शबानालाही कराड मिळालं होतं. त्या दिवशी ती जेवायला खाली उतरली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी मीच तिला एसटी स्टँडवर सोडलं आणि सांगितलं, जा, पुण्याचं एक तरी कॉलेज बघून ये. ती रात्रीच्या गाडीनं परत आली. म्हणाली, झाडं आहेत, पोरी मोकळ्या बोलतात, मेसची बाई अंगावर ओरडत नाही. यादी पुन्हा भरायची मुभा होती, सांगलीच्या खाली तिनं ते नाव भरलं आणि दुसऱ्या फेरीत नेमकं तेच मिळालं.

वसतिगृहात आनंदीआनंद झाला. पुणं मिळालं म्हणजे जग जिंकलं अशी आमच्याकडची समजूत. शबानाच्या वडिलांनी उंब्रजहून पेढे पाठवले. पण अजून एक फेरी बाकी होती. नियम असा होता की मिळालेली जागा पक्की करून मोकळं व्हायचं, नाहीतर ती हातात धरून पुढच्या फेरीची वाट बघायची. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की हातातली जागा आपोआप जाते, मग हळहळून उपयोग नाही. तिनं वाट बघायचं ठरवलं. शबाना तिला म्हणत होती, “येडे, पुनं सोडून सांगली कोन घेतं गं?” तिनं नुसता पेढा खाल्ला.

जागा पक्की करायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उंच, वाळका माणूस, डोक्याला लाल पटका, एका गुडघ्यावर हात ठेवून चालणारा. मी खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला सरकवली आणि पायरीवर बसले. ती त्यांच्या शेजारी बसली. मी आतल्या टेबलाशी होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं आणि उठून जावं असंही मला सुचलं नाही.

आधी गावाकडचं बोलणं झालं. पाऊस, मामाचं घर, कुठली मेंढी व्याली. मग ते म्हणाले, “यंदा वाडा न्हाई निगनार.”

त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. तिचा थोरला भाऊ मुंबईला बाजारात हमालीच्या कामाला लागला, तो काही आता परत येत नाही. त्यांचा गुडघा घाट चढत नाही. आई एकटी किती चालणार. निम्मी मेंढरं विकली, उरलेली चुलतभावाला अर्धेलीनं दिली. म्हणजे सांभाळायची त्यानं, कोकरं निम्मी यांची. तो कोकणात उतरणार, सांगलीकडे जाणार नाही.

“कवा ठरलं?” तिनं विचारलं.

“झालं दोन म्हैनं. पोरीचा नंबर लागंपतूर सांगू नगा, म्हनली तुजी आय. आता पुन्याला लागला म्हनं, म्हनून आलो.”

त्यांच्या दृष्टीनं सगळं मार्गी लागलं होतं. पोरगी पुण्याला चालली, आता सांगायला हरकत नाही, असा साधा विचार करून तो माणूस एसटीचे हेलकावे खात आला होता. सांगलीसाठी ती अजून थांबली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. ती कशासाठी थांबली आहे, हे तर त्याहून नाही. तिनं दोन्हीतलं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, “बरं केलंसा, आप्पा. आयचं पाय दुकत हुतंच.” मग त्यांना स्टँडवर सोडायला गेली.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मनात हिशेब सुरू झाला. मी मास्तरीण आहे, मला तसंच सुचतं. सांगलीचं कारणच संपलं होतं. पुण्याची जागा हातात होती, उद्या पक्की करायची, की झालं. ती परत आल्यावर मी हेच सगळं तिला नीट सांगितलं. म्हटलं, ज्यासाठी जायचं होतं ते तिथं असणार नाही, आता हट्ट कशाचा? ती टाकीच्या कट्ट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, सकाळी सांगते.

सकाळी तिनं सांगितलं की ती सांगलीसाठी थांबणार. मी कारण विचारलं. ती म्हणाली, “आमच्या वाड्यात चालायला मानूस ऱ्हायलं न्हाई, मॅडम. त्यातलं एक मानूस म्या बी हुते. म्या हितं आली, दादा तिकडं गेला. आता त्या रानात कुनीतरी नगो का जायाला?”

तेव्हा मी म्हटलं की असं भावनेच्या भरात आयुष्याचे निर्णय घ्यायचे नसतात. हे वाक्य मी दर वर्षी कुणाला ना कुणाला ऐकवते. तिनं मान डोलावली आणि जागा पक्की केली नाही. तिसऱ्या फेरीत सांगली मिळाली. पुण्याची जागा गेली. दोन दिवसांनी एक ट्रंक आणि शबानानं हट्टानं दिलेली ती डांबराचा वास येणारी गादी घेऊन ती सांगलीच्या एसटीत बसली. मी सोडायला गेले नव्हते, नव्या मुलींचे प्रवेश चालू होते.

आता त्या कोपऱ्यातल्या खोलीत दुसऱ्या दोघीजणी राहतात आणि ओलीची तक्रार करतात. तिचा फोन येतो कधीमधी, अभ्यास कसा चाललाय एवढं सांगते आणि ठेवते. तिला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, तेवढं सांगते.

जानेवारीत मी पेपर तपासायला सांगलीला गेले होते. काम संपल्यावर तिला फोन केला. ती आली, थोडी वाळलेली वाटली, पण चेहरा तसाच. मला म्हणाली, चला, रान दाखवते. कॉलेजच्या मागच्या बाजूनं आम्ही चालत गेलो. ऊस नुकताच तुटून गेला होता, सगळीकडे वाळलेलं पाचट पसरलेलं. मेंढरू एकही नव्हतं. तिनं बोट दाखवून सांगितलं, इथं मेंढरं बसायची, इथं घोडी बांधायची, चूल त्या बांधाच्या आडोशाला असायची, वारा लागू नये म्हणून. सुट्टी असली की ती इथं येते, म्हणाली. येऊन काय करतेस, असं मी विचारलं नाही.

मळ्याचा मालक, म्हातारा शेतकरी, पाण्याचा पाईप ओढत येत होता. त्यानं तिला डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखलं. मग तिच्या मागं, माझ्या मागं, रस्त्याकडे लांबवर नजर टाकली.

“यंदा तुमच्यातलं कुनीच न्हाई आलं व्हय?” त्यानं विचारलं.

“मी आलीया की,” ती म्हणाली.

मग त्यानं खोपटाकडे तोंड करून बायकोला हाक मारली आणि बांधावर बसायला पोतं टाकायला सांगितलं.